मेट्रो कोठून जाते, कोठे थांबते?

(डोंबिवलीतील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची परंपरा १९९९ मध्ये याच शहराने सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. या यात्रेचा मार्ग ज्या कार्यकर्त्यांनी कधी आखला असेल, त्यांना आजचा विषय समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. शहराचा नकाशा सतरंजीवर पसरायचा आणि पेन्सिलीने रेघ ओढायची, हे काम एका बैठकीत होते. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. पालखी कोणत्या चौकात थांबणार? तेथे वृद्धांना उभे राहायला सावली आहे का? चित्ररथ त्या कोपऱ्यावर वळेल का? वरून विजेच्या तारा किती उंचीवर आहेत? लहान मुलांना घेऊन आलेल्या मातांना परत घरी कोणत्या गल्लीतून जाता येईल? मार्ग एका संध्याकाळी ठरतो, पण थांबे ठरवायला महिना लागतो.

मेट्रोचे नियोजन तत्त्वतः याहून फार निराळे नाही. फरक एकच आणि तो गंभीर आहे. स्वागतयात्रेचा थांबा चुकला, तर पुढच्या पाडव्याला तो बदलता येतो. मेट्रोचे स्थानक एकदा उभे राहिले की, ते आपल्या नातवंडांच्या काळातही तेथेच असणार. म्हणून मेट्रो हवी की नको, हा आजचा प्रश्न नाही. ती हवीच आहे. ती कोठून जावी, कोठे थांबावी आणि हे ठरत असताना समाजाने कोठे असावे, हा प्रश्न आहे.

रुळांनी घडवलेली उपनगरे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. ते टाकताना डोंबिवलीतील चाकरमान्याचा विचार कोणी केला नव्हता, कारण तो चाकरमानी अजून जन्माला यायचा होता. सह्याद्रीपलीकडचा कापूस बंदरात आणणे, हा त्या रेल्वेचा मोठा हेतू होता. मात्र गाडी जेथे थांबली, तेथे वस्ती झाली. पुढे गिरगाव-दादरच्या चाळी अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा मराठी मध्यमवर्ग ज्या गावांत गेला, ती सारी गावे स्थानकाची गावे होती. विलेपार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, बदलापूर ही नावे उच्चारली की, आपल्या डोळ्यांसमोर आधी फलाट येतो. आजही घराच्या जाहिरातीत ‘स्थानकापासून पाच मिनिटांवर’ हे शब्द सर्वांत ठळक छापलेले असतात. ती पाच मिनिटे बहुतेक वेळा पंधरा निघतात, ही गोष्ट वेगळी.

या रुळांनी उपनगरांना एक घडण दिली आणि तिच्याबरोबर एक व्यंगही दिले. सारे मार्ग उत्तर-दक्षिण धावतात, कारण एके काळी साऱ्या कचेऱ्या, गिरण्या आणि गोद्या दक्षिणेला होत्या. पुढे कामाची ठिकाणे अंधेरी, साकीनाका, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे-बेलापूर पट्टा अशी विखुरली, परंतु रूळ होते तेथेच राहिले. घाटकोपर आणि अंधेरी यांच्यातील अंतर पक्ष्याच्या वाटेने जेमतेम सात-आठ किलोमीटरचे. तरीही रेल्वेने जाणाऱ्याला दादरपर्यंत खाली उतरून, तेथे पूल चढून, दुसरी गाडी पकडून पुन्हा वर यावे लागे. रस्त्याने जायचे तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावर एक ते दीड तास खर्ची पडे. उपनगरांना पूर्व-पश्चिम जोडणारा मार्ग नव्हता, हे मुंबईचे जुने दुखणे होते.

मार्ग आखताना काय पाहतात?

मेट्रोचा मार्ग कोणा एका मंत्र्याच्या किंवा अभियंत्याच्या मनात आले म्हणून ठरत नाही. निदान ठरू नये. आधी त्या भागातील प्रवासाचा अभ्यास होतो. घरोघरी जाऊन कोण कोठून कोठे जातो, कशाने जातो, किती वेळ आणि किती पैसे खर्च करतो, याची पाहणी होते. नाक्यानाक्यावर वाहने मोजली जातात. त्यावरून आज, दहा वर्षांनी आणि वीस-तीस वर्षांनी गर्दीच्या तासात एका दिशेने किती माणसे जातील, याचा अंदाज बांधतात. हा आकडा मेट्रोच्या नियोजनाचा कणा असतो. गाडी चार डब्यांची असावी की आठ, फलाट किती लांब असावा, दोन गाड्यांमध्ये किती मिनिटांचे अंतर असावे, हे सारे त्यावर अवलंबून असते. सहा डब्यांच्या गाडीला सुमारे १३५ ते १४० मीटरचा फलाट लागतो. हा फलाट शक्यतो सरळ आणि सपाट जागेवर हवा. म्हणजे वळणावर, चढावर किंवा उड्डाणपुलाच्या डोक्यावर सहज स्थानक करता येत नाही. ‘आमच्या गल्लीच्या तोंडाशी का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या साध्या भूमितीत असते.

दुसरा प्रश्न उन्नत की भुयारी. उन्नत मार्गाला रस्त्याच्या मध्यभागी खांबांसाठी जागा हवी आणि दोन्ही बाजूंना वाहतूक चालू राहील इतकी रुंदी हवी. भुयारी मार्गाला वरची रुंदी कमी लागते, पण पैसा कितीतरी अधिक लागतो. दहिसर-अंधेरीच्या दोन उन्नत मार्गिका, २अ आणि ७, मिळून सुमारे ३५ किलोमीटरच्या आहेत. त्यांचा मंजूर खर्च साडेबारा हजार कोटी रुपयांच्या आसपास होता. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मार्गिका ३ साडेतेहतीस किलोमीटरची आहे आणि तिचा खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. लांबी जवळपास तीच, पण खर्च तिपटीच्या घरात. ‘सगळीकडे भुयारीच करा’ अशी मागणी करताना हा हिशेब डोळ्यांआड करून चालत नाही.

तिसरा प्रश्न दोन स्थानकांमधील अंतराचा. प्रत्येक स्थानक गाडीचे जवळजवळ एक मिनिट घेते. थांबण्याचे अर्धे आणि वेग कमी करून पुन्हा घेण्याचे अर्धे. स्थानके फार जवळ ठेवली, तर गाडी बससारखी रखडते. फार लांब ठेवली, तर माणसे चढतच नाहीत. दाट वस्तीत साधारण एक किलोमीटर, हे यातून निघालेले व्यवहारी उत्तर आहे.

वर्सोवा ते घाटकोपर

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी मुंबईची पहिली मेट्रो पुरेशी आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या मार्गिकेचे भूमिपूजन २१ जून २००६ रोजी झाले आणि ८ जून २०१४ रोजी ती सुरू झाली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके बारा. वर्सोवा, डी. एन. नगर, आझादनगर, अंधेरी, पश्चिम द्रुतगती महामार्ग, चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका, साकीनाका, असल्फा, जागृतीनगर आणि घाटकोपर अशी ही नावे वाचली, तरी तिच्या यशाचे रहस्य कळते. स्थानके सरासरी किलोमीटरभर अंतरावर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक स्थानक एखाद्या जुन्या नाक्यावर आहे, जेथे माणसे आधीपासून बसची वाट पाहत उभी होती. रस्ता अरुंद आणि वर्दळीचा. अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या चालू रुळांवरून पोलादी पूल टाकावा लागला, तर द्रुतगती महामार्गावरील उड्डाणपुलाच्याही वरून केबलच्या आधाराने तोलून धरलेला पूल न्यावा लागला. कामाला विलंब झाला, खर्चाचे वाद झाले. पण जो प्रवास रस्त्याने तासाहून अधिक घेत होता, तो एकवीस मिनिटांवर आला.

या छोट्या मार्गिकेवर २०२५ मध्ये कामाच्या दिवशी पाच लाखांच्या घरात प्रवासी जात होते. त्याच वर्षी तिच्या तिप्पट लांबीच्या २अ आणि ७ या दोन मार्गिका मिळून तीन लाखांच्या आसपास होत्या. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण मार्ग आणि स्थानके यांच्या नियोजनाचा सर्वांत मोठा धडा त्यात आहे.

पहिली मार्गिका दोन रेल्वेमार्गांना जोडते. अंधेरीला ती पश्चिम रेल्वेला भेटते आणि घाटकोपरला मध्य रेल्वेला. लोकलमधून उतरलेला माणूस पूल ओलांडून थेट मेट्रोत शिरतो. याउलट २अ नव्या लिंक रस्त्यावरून जाते आणि ७ पश्चिम द्रुतगती महामार्गावरून. दोन्ही मार्गिका पश्चिम रेल्वेला समांतर धावतात, एक तिच्या पश्चिमेला आणि दुसरी पूर्वेला. लोकलच्या स्थानकापासून त्या पुष्कळ ठिकाणी किलोमीटरभर वा अधिक दूर आहेत.

मग त्या तेथून का नेल्या? उत्तर सोपे आहे आणि त्याला दोष देणेही सोपे नाही. महामार्ग रुंद आहे आणि ती जागा सार्वजनिक आहे. घरे पाडावी लागत नाहीत, दुकाने हलवावी लागत नाहीत, न्यायालयात वर्षे जात नाहीत. त्यामुळे दहिसर-अंधेरी पट्ट्यातील काम तुलनेने लवकर झाले. पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये, तर दुसरा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. परंतु महामार्गाच्या मध्यावर बांधलेल्या स्थानकाला दोन्ही बाजूंनी भरधाव वाहनांचा खंदक असतो. नकाशावर स्थानकाभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ काढले की हजारो घरे आत दिसतात. प्रत्यक्षात त्या घरातील आजींना जिना चढून, महामार्ग ओलांडून, पुन्हा जिना उतरून जावे लागते. नकाशावरील पाचशे मीटर गुडघेदुखीच्या माणसासाठी दीड किलोमीटर होतात. काही स्थानकांपासून रस्त्यापलीकडे नेणारे पादचारी पूल मार्गिका सुरू झाल्यानंतर बांधायला घ्यावे लागले. हे पूल मूळ आराखड्यात असते, तर पहिल्या दिवसापासून प्रवासी मिळाले असते.

न्याय्य बोलायचे तर या मार्गिकांची कसोटी अजून पूर्ण झालेली नाही. गुंदवली आणि अंधेरी पश्चिम येथे त्या पहिल्या मेट्रोला जोडल्या, तेव्हा प्रवासी झपाट्याने वाढले. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून जाणारी मार्गिका ६ पूर्ण झाली की, आणखी एक पूर्व-पश्चिम दुवा त्यांना मिळेल. यावरूनही मुद्दा तोच सिद्ध होतो. मेट्रोचे बळ तिच्या लांबीत कमी आणि तिच्या सांध्यांत अधिक असते.

सांधा मात्र दोन्ही बाजूंनी बळकट लागतो, हे घाटकोपरने शिकवले. मेट्रोचे स्थानक नवे, प्रशस्त. पण तेथून उतरणारा लोंढा ज्या जुन्या रेल्वे स्थानकात ओतला गेला, त्याचे जिने आणि पूल होते तेवढेच होते. तेथील गर्दी इतकी वाढली की, रेल्वेला पुढे त्या स्थानकाच्या विस्ताराचे मोठे काम हाती घ्यावे लागले. एका संस्थेने आपले काम चोख केले आणि दुसरीने नंतर धावपळ केली. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र तो एकच प्रवास असतो. कोणती फरशी कोणत्या खात्याची, याच्याशी त्याला काय कर्तव्य?

स्थानकाखाली कोणाचे घर?

आतापर्यंत सोयीचा विचार झाला. आता त्यागाचा विचार केला पाहिजे. जेथे रुंद रस्ता नाही तेथे स्थानक करायचे, तर कोणाचे तरी घर जाते.

मार्गिका ३ गिरगाव आणि काळबादेवीतून न्यायची ठरली, तेव्हा हा प्रश्न मराठी माणसाच्या जिव्हारी लागला. पिढ्यान्‌पिढ्या चाळीत राहिलेली कुटुंबे, तळमजल्यावरची जुनी दुकाने, गल्लीतला गणपती, हे सारे स्थानकाच्या आखणीत आले. गिरगावकराची भीती केवळ घर जाण्याची नव्हती. एकदा येथून उठलो की परत येणार नाही, आणि आपल्या आधी गेलेल्यांसारखेच दूरच्या उपनगरात फेकले जाऊ, ही ती भीती होती. विरोध झाला, मोर्चे निघाले, बैठका झाल्या. अखेर बाधित कुटुंबांचे त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. अभियंत्यांनीही रस्त्याची रुंदी ओळखून, वरून मोठा खड्डा खणण्याऐवजी, अरुंद जागेतून खाली उतरून आतल्या आत खोदत जाण्याची पद्धत तेथे वापरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगाव, काळबादेवी ही स्थानके प्रवाशांसाठी खुली झाली. आता त्या कुटुंबांची नवी घरे त्यांच्या हाती पडणे, ही त्या प्रकल्पाची उरलेली परीक्षा आहे. शहरासाठी ज्याने आपला उंबरठा दिला, त्याचे देणे स्थानकाच्या उद्‌घाटनाने फिटत नाही.

स्थानकांइतकीच जागा कारशेडला लागते. गाड्या रात्री उभ्या करणे, धुणे, तपासणे यासाठी पंचवीस-तीस हेक्टरची जमीन हवी असते आणि दाट शहरात ती सहजासहजी मिळत नाही. आरेच्या जागेवरून जे झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, उच्च न्यायालयाने तेथील कामाला स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली. झाडांसाठी रात्र जागवणाऱ्यांची तळमळ खोटी नव्हती. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यांना मेट्रो हवी होती, हेही तितकेच खरे होते. दुःख याचे की, ज्या प्रश्नाचा विचार कागदावर रेघ ओढतानाच सर्वांसमोर व्हायला हवा होता, तो काम अर्ध्यावर आल्यावर रस्त्यावर आणि न्यायालयात झाला. या मार्गिकेचा मूळ मंजूर खर्च २३,१३६ कोटी रुपये होता. तो वाढण्याची कारणे अनेक आहेत, पण विलंब हे त्यांतील एक निश्चित आहे. ती वाढ शेवटी आपल्याच खिशातून जाते.

लकडी पुलावरचा प्रश्न

प्रश्न योग्य असूनही वेळ चुकली तर काय होते, याचे आणखी एक उदाहरण पुण्याचे आहे. वनाज-रामवाडी मार्ग डेक्कनजवळ लकडी पूल, म्हणजे संभाजी पूल, ओलांडून नदीकाठाने जातो. २०२१ मध्ये गणेशोत्सवाच्या सुमारास मंडळांच्या लक्षात आले की, विसर्जन मिरवणुकीतील उंच रथ या मेट्रोपुलाखालून जाणे अवघड होईल. आक्षेप अगदी रास्त होता. पुण्याची विसर्जन मिरवणूक ही त्या शहराची ओळख आहे. काम काही महिने थांबले. पण तोवर आराखडे मंजूर झालेले, दोन्ही बाजूंचे खांब उभे राहिलेले. उंची वाढवायची म्हणजे पुढची-मागची सारी रचना बदलायची. शेवटी काम पुढे न्यावे लागले आणि रथांच्या उंचीला मर्यादा आली.

यात मंडळांचा दोष काढण्याचे कारण नाही. मिरवणुकीचा मार्ग काही गुपित नव्हता. आखणी करणाऱ्यांनी तो विचारात घ्यायला हवा होता आणि समाजानेही आराखडा कागदावर असतानाच तो उघडून पाहायला हवा होता. त्याच मार्गाचे दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. आगाखान पॅलेस हे संरक्षित स्मारक. त्याच्यालगत बांधकामाला बंदी असल्यामुळे मूळ नगर रस्त्याची आखणी बदलून मार्ग कल्याणीनगरकडून वळवण्यात आला. कायद्याने संरक्षित वास्तूसाठी मार्ग वळू शकतो. चालीरीतीने संरक्षित असलेल्या परंपरेसाठी मात्र कोणी तरी वेळेत उठून बोलावे लागते.

आता आपल्या दाराशी

हे सारे येथे, डोंबिवलीत सांगण्याचे कारण उघड आहे. कल्याण-तळोजा या मार्गिका १२ च्या कामाला २०२४ मध्ये सुरुवात झाली. वीस-बावीस किलोमीटरचा हा उन्नत मार्ग एका टोकाला कल्याणमध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गिकेला आणि दुसऱ्या टोकाला तळोज्याकडे नवी मुंबई मेट्रोला जोडण्याचे योजले आहे. नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मार्गिका नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे. आजपर्यंत डोंबिवलीकराला नवी मुंबईत जायचे, तर ठाण्याला वळसा घालावा लागतो किंवा शीळफाट्यावरच्या कोंडीत तिष्ठावे लागते. त्याच्यासाठी ही मार्गिका वरदान ठरू शकते.

‘ठरू शकते’ असेच म्हणावे लागते. मार्ग कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूने जातो. डोंबिवली एमआयडीसी, सागाव, सोनारपाडा, मानपाडा, कोळेगाव, निळजे अशी स्थानके त्यावर योजली आहेत. डोंबिवलीचे रेल्वे स्थानक त्यात नाही. ते या मार्गापासून दोन-तीन किलोमीटर दूर राहते. जुन्या डोंबिवलीतील अरुंद रस्त्यांवरून उन्नत मेट्रो नेणे किती कठीण आहे, हे फडके रस्त्यावर एकदा दिवाळीच्या पहाटे उभे राहिले की कळते. म्हणून मार्ग बदला, असा आग्रह आज धरण्यात अर्थ नाही. पण मधले दोन-तीन किलोमीटर कसे जोडणार, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. तो विचारला नाही, तर ‘डोंबिवली’ हे नाव मेट्रोच्या फलकावर राहील आणि डोंबिवलीकर सकाळी पूर्वीसारखाच ८.१० च्या लोकलला लोंबकळेल.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने यासाठी आधार दिला आहे. मेट्रोचा प्रस्ताव मांडताना स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिसरासाठी पूरक बससेवा, चालण्याच्या आणि सायकलच्या वाटा यांची योजना सांगणे त्या धोरणाला अपेक्षित आहे. मेट्रो खरोखर लागते की बसनेच काम भागेल, या पर्यायांचा तुलनात्मक विचारही त्यात आवश्यक मानला आहे. धोरण चांगले आहे. ते मागून घेणारा समाज पाहिजे.

स्थानकाच्या नावावरून आपल्याकडे लगेच निवेदने जातात, फलकांना काळे फासले जाते. स्थानकाचा जिना कोणत्या बाजूला उतरावा, यासाठी निवेदन गेल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. अस्मिता महत्त्वाची आहेच. परंतु रात्री साडेनऊला कामावरून परतणारी आपली मुलगी ज्या जिन्याने उतरते, तो जिना अंधाऱ्या, निर्मनुष्य बाजूला उतरू नये, हीसुद्धा समाजाची चिंता असली पाहिजे.

कार्यकर्त्याने काय करावे?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पाच-सात जणांच्या गटाने आपल्या वस्तीजवळच्या नियोजित स्थानकाची जागा प्रत्यक्ष जाऊन पाहावी. सोबत एक ज्येष्ठ नागरिक, एक शाळकरी मूल आणि शक्य असल्यास चाकाच्या खुर्चीवरील एखादी व्यक्ती घ्यावी. घड्याळ लावून आपल्या दारापासून तेथपर्यंत चालावे आणि वहीत पाच गोष्टी लिहाव्यात.

एक, दारापासून फलाटापर्यंत खरी किती मिनिटे लागतात आणि पदपथ कोठे तुटतो. दोन, रस्ता दोन्ही बाजूंनी ओलांडता येईल असा पूल योजला आहे का, त्याला उद्‌वाहक आहे का. तीन, रिक्षा आणि बस कोठे उभ्या राहणार. त्यांना जागा नेमून दिली नाही, तर स्थानकाचे तोंडच त्यांनी भरते. चार, जवळच्या रेल्वे स्थानकाला किंवा बस आगाराला जोडणारी सेवा किती मिनिटांनी मिळेल आणि ती कोणत्या संस्थेची जबाबदारी असेल. पाच, पावसाळ्यात तेथे पाणी साचते का. मे २०२५ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक या भुयारी स्थानकात, काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून, पावसाचे पाणी शिरले होते. कोणत्या नाक्यावर किती पाणी चढते, हे तेथील जुन्या रहिवाशाइतके कोणालाच ठाऊक नसते.

अशी वही घेऊन प्राधिकरणाकडे, महापालिकेकडे आणि लोकप्रतिनिधींकडे जावे. घोषणा देत जाणाऱ्याला आश्वासन मिळते. मोजमाप घेऊन जाणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पर्यावरणीय परवानगीसाठी इतर मोठ्या प्रकल्पांना जी जनसुनावणी घ्यावी लागते, ती २००६ च्या अधिसूचनेनुसार मेट्रोला लागत नाही. म्हणून कोणी बोलावील तेव्हा जाऊ, असे म्हणत बसले तर बोलावणे येईलच असे नाही. मात्र १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लहान अक्षरांत छापलेली ती सूचना वाचणे, हेही आज नागरी कार्य आहे.

मित्रहो, मेट्रो म्हणजे काचेचे दरवाजे आणि थंड हवेचे डबे एवढेच नव्हे. घरापासून कामापर्यंत आणि कामापासून घरापर्यंत एका कुटुंबाचा रोजचा किती वेळ जातो, याचा तो निर्णय आहे. दिवसाला एक तास वाचला, तर तो तास कोठे जातो? आईवडिलांपाशी बसण्यात, मुलांच्या अभ्यासात, एखाद्या वाचनालयाच्या कामात, वस्तीतील संस्कारवर्गात. शहरातील सामाजिक कामाला माणसे मिळत नाहीत, अशी आपली तक्रार असते. माणसे आहेत, ती कल्याण-शीळ रस्त्यावर अडकलेली आहेत.

स्वागतयात्रेच्या आदल्या रात्री कार्यकर्ते संपूर्ण मार्ग एकदा पायी चालून पाहतात. कोठे खड्डा आहे, कोठे तार लोंबते आहे, पालखी कोठे टेकवता येईल, हे डोळ्यांनी पाहून मगच झोपायला जातात. मार्गिका १२ चे खांब अजून सर्वत्र उभे राहिलेले नाहीत आणि जिने कोठे उतरणार, हे अजून अनेक ठिकाणी कागदावरच आहे. पुढच्या रविवारी सकाळी सोनारपाड्यापर्यंत किंवा मानपाड्यापर्यंत कोण कोण चालत येणार, ते सभा संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून जावे.